सोलापुरात राहून पाणीहक्काचं कायदेशीर संशोधन: सुरुवात कुठून, आणि आपटतात कुठे?

पाझरतलाव

एलएल.बी.चं शेवटचं वर्ष, सोलापूर. पाणी आणि पर्यावरणाच्या हक्कांवर कायदेशीर संशोधन करायचं आहे. कोर्टात उभं राहण्यापेक्षा कागद शोधणं, मसुदा करणं आणि वकिलाच्या हातात मुद्दा देणं, असं काम. विशेषतः आदिवासी, भटके, मेंढपाळ, मच्छीमार यांच्यासाठी. त्यांचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरातलं असतं, पण सातबाऱ्यावर त्याचा पत्ता नसतो.

वाचलेलं बहुतेक सगळं बाहेरचं आहे: अमेरिकेतला विंटर्सचा निकाल, न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीला मिळालेलं कायदेशीर व्यक्तित्व, संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा. यातलं सोलापुरात काय चालतं? पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, इथे लागतो का? डाईंगचं (कापड रंगवण्याच्या कारखान्याचं) पाणी विहिरीत उतरलं किंवा कारखान्याचं मळीमिश्रित पाणी ओढ्याला आलं, तर पहिला कागद कोणता काढायचा आणि जायचं कुठे, एनजीटी (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण) की हायकोर्ट? नवखे कुठे चुकतात ते आधी सांगितलंत तर बरं.

हिप्परगा_पाळ

पेसा सोलापूर जिल्ह्यात लागत नाही. हे पहिल्यांदा वहीत लिहून ठेवा, कारण अर्धे मसुदे इथेच पडतात. १९९६ चा पेसा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रापुरता आहे आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात सोलापूरचा एकही तालुका नाही. त्यामुळे कलम ४(जे), म्हणजे लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे देणारी तरतूद, गडचिरोलीत किंवा नंदुरबारात उद्धृत करा. करमाळ्याच्या अर्जात ती टाकली की समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तेवढंच धरून बसतो.

वनहक्क कायदा २००६ मात्र लागतो. तो अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, वनजमीन जिथे आहे तिथे तो आहे. कलम ३(१)(डी) नीट वाचा. पाणवठ्यातले मासे व इतर उत्पन्न, चराई, आणि भटक्या किंवा पशुपालक समाजांचा हंगामी वापर हे सगळं तिथे सामूहिक हक्क म्हणून लिहिलेलं आहे. कलम ५ मध्ये पाणलोट आणि जलस्रोत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. आता खोच अशी की फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण धनगर आपल्याकडे भटक्या जमाती-क मध्ये. म्हणून मेंढपाळांचा दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून जातो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. एकाच गावात दोन समाजांचे दावे असतील तर पुराव्याची पातळी वेगळी ठेवा. एकच मजकूर दोघांना चिकटवला की दोन्ही अडकतात.

वनहक्क नियमांतल्या नियम १३ मधली पुराव्यांची यादी पाठच करा. गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंट अहवाल आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, सगळं चालतं. पण एका पुराव्यावर भागत नाही, एकाहून अधिक पुरावे विचारात घ्या असं नियमच सांगतो. नुसता जबाब जोडून दिलेला दावा उपविभागीय समितीकडून परत येतो आणि मग 'दावा फेटाळला' अशी बोंब होते. खरं तर तो अपुरा असतो.

बाहेरच्या निकालांबद्दल. १९०८ चा विंटर्स निकाल उभा आहे तो आदिवासींसाठी जमीन राखून ठेवणाऱ्या करारावर. जमीन राखली म्हणजे ती जगवायला लागणारं पाणीही राखलं, असा तो तर्क. आपल्याकडे तसा करारच नाही, त्यामुळे तो तर्क उचलून आणता येत नाही. शिवाय २०२३ च्या ॲरिझोना विरुद्ध नवाहो नेशनमध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला की ते पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने स्वतः पावलं उचलायला हवीत असं करार सांगत नाही. विंटर्स सांगायचा आणि हा लपवायचा, असं करू नका. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) आदिवासींविषयीचा १६९ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही. १९५७ चा १०७ क्रमांकाचा मात्र १९५८ पासून स्वीकारलेला आहे. २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण स्वातंत्र्यानंतरची सगळीच जनता इथली मूळची, अशी भूमिका ठेवून. म्हणून हे सगळं आधाराला ठेवायचं. पाया घालायचा तो १९९१ च्या सुभाष कुमार निकालावर, जिथे प्रदूषणमुक्त पाणी राज्यघटनेच्या कलम २१, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली आलं, आणि ओडिशातल्या नियमगिरीच्या २०१३ च्या निकालावर. नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीबद्दल १२ ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही नाही म्हणाल्या. तो निकाल वनहक्क कायद्यावर उभा आहे, म्हणून आपल्या कामाचा.

कोर्टफी_तिकीट

वरचं बरोबर. कुठे जायचं याचा भाग मी घेतो.

एनजीटीला पोचण्यापूर्वी तारीख मोजा. पुण्याचं पश्चिम क्षेत्रीय खंडपीठ आपलं. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली वाद न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर फार तर ६० दिवसांची सवलत. 'पहिल्यांदा' हा शब्द मारक आहे. ओढ्याला चार वर्षं रंगीत पाणी येतंय असं अर्जात अभिमानाने लिहिलं की स्वतःच्या हाताने मुदत संपवली. नुकसानभरपाई, पुनर्स्थापना मागायची तर कलम १५, तिथे पाच वर्षं आहेत. म्हणून मागण्या कशा मांडायच्या हे आधी ठरतं, मसुदा नंतर. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील कलम १६ खाली, मंजुरी कळल्यापासून ३० दिवस, अधिक ६०. मंजुरीची जाहिरात ज्या वर्तमानपत्रात आली ते पान कापून, तारखेसकट फाईलला लावा. मुदतीचा वाद त्या कात्रणावरच फिरतो.

फी: भरपाई मागितली नाही तर १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का, पण किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आणि एका अर्जात एकच कारण. विहीर, वाळू, ध्वनी असं कडबोळं करू नका.

एनजीटीच्या पहिल्या अनुसूचीत सात कायदे आहेत. जल कायदा १९७४, वन संवर्धन १९८०, हवा १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, जैवविविधता २००२ हे त्यात आहेत. वन्यजीव कायदा १९७२ नाही. वनहक्क कायदाही नाही. म्हणजे नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या चराई-पाणवठ्याचा वाद वनहक्काच्या पायावर एनजीटीत नेला तर दारातूनच परत. त्याला हायकोर्ट. आणि आता मुंबईला पळायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे.

कालव्याचं आवर्तन मिळालं नाही, टेलच्या गावाला पाणी पोचत नाही, उजनीच्या वाटपात डावललं, हे प्रदूषणाचे प्रश्न नाहीत. तिथे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा, आणि आधी प्राथमिक विवाद निवारण अधिकारी. हेही लोक पुण्याला घेऊन जातात.

अजून एक सापळा: उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात म्हणून पाणथळ नियम २०१७ लावायचा मोह होतो. त्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. तिथल्या भोई मच्छीमारांसाठी जल कायदा आणि राज्यघटनेचं कलम २१ हाच रस्ता.

नेटवरचे जुने नमुने वापरू नका. पर्यावरण संरक्षण कायद्यातली शिक्षेची तरतूद जन विश्वास कायद्याने बदलली. १ एप्रिल २०२४ पासून बहुतेक उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. 'पाच वर्षं कैद व्हावी' अशी मागणी अजून मसुद्यांत दिसते.

सीनाकाठ

पहिला कागद कोणता? माहितीचा अधिकार. पण सगळं एकाच अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एक विषय आणि १५० शब्द. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस वाट, मग ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट. 'सदर कारखान्याच्या प्रदूषणाबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' हे उत्तर ठरलेलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर उप-प्रादेशिक कार्यालयाकडे कागदाच्या नावाने मागा: चालू संमतीपत्र, गेल्या पाच वर्षांचे भेट अहवाल, जेव्हीएस नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, प्रपोज्ड आणि इंटरिम डायरेक्शन, बँक गॅरंटी जप्तीचे आदेश. जेव्हीएस म्हणजे मंडळाने स्वतः घेतलेला नमुना, आणि तो तुमच्या नमुन्यापेक्षा दसपट वजनदार. त्यात बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजायला किंवा रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) बघा. बीओडी ३० च्या वर, सीओडी २५० च्या वर, पीएच ५.५ ते ९ च्या बाहेर असे आकडे दिसले की निम्मं काम मंडळानेच करून ठेवलेलं असतं. संमतीपत्रातली मर्यादाही बघा, काहींची सर्वसाधारण मानकाहून कडक असते. आणि सांडपाणी जमिनीवर सोडायची परवानगी असेल तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा १०० आहे. ३० धरून आरडाओरडा केला की तोंडावर पडाल.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) खाली फाईल प्रत्यक्ष बघायची मागणी करा. झेरॉक्समध्ये टिपणीची पानं गळतात, फाईल चाळली की सापडतात. मोठ्या प्रकल्पांचे सहामाही अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्याचे) पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात, ते १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. न दिलेला अहवाल हाही पुरावाच.

तारखांचा उपयोग कुठे होतो, तर भरपाईच्या हिशोबात. केंद्रीय मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे: प्रदूषण निर्देशांक × उल्लंघनाचे दिवस × रुपयांचा गुणक × उद्योगाचा आकार × ठिकाण. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी वर्गाला ८०, गुणक साधारण २५०, मोठ्या उद्योगाला १.५, दहा लाखांखालच्या लोकवस्तीला १. म्हणजे दिवसाला ३०,०००. भेट अहवालांवरून ९० दिवस सिद्ध झाले तर २७ लाख, ९ दिवसच झाले तर २ लाख ७० हजार. सगळा खेळ दिवसांचा आहे, म्हणून उल्लंघन कधी दिसलं आणि दुरुस्त झाल्याची नोंद कधी झाली या दोन तारखा प्रत्येक अहवालातून काढून तक्ता करा.

आता नमुना. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खटल्यासाठीचा नमुना मंडळाच्याच पद्धतीने घ्यावा लागतो: मालकाला नोटीस, दोन भाग, सील, सह्या. तुमची बाटली त्या कामाची नाही. पण एनजीटी पुरावा कायद्याने बांधलेली नाही, कलम १९ तसं सांगतं, म्हणून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल प्रथमदर्शनी चित्र उभं करायला आणि मंडळाकडून नमुना घ्यायचा आदेश मिळवायला पुरतो.

चुका याच होतात. बोअरचं पाणी सुरू केल्या-केल्या भरतात. आधी दहा-पंधरा मिनिटं उपसा, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी तपासता. बीओडीची बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरायची, बर्फात ४ अंशाला ठेवायची आणि २४ तासांत प्रयोगशाळेत. आपल्याकडे बीओडी २७ अंशाला तीन दिवसांची असते, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी नमुना घेऊन निघू नका, सुट्टीत तो पडून राहतो. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक, धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड, पीएच २ च्या खाली येईपर्यंत. तिन्हीसाठी एकच बाटली म्हणजे तिन्ही आकडे वाया. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटलीच, धुतलेली मिनरल वॉटरची चालत नाही.

आणि फक्त बाधित विहिरीचा नमुना घेऊ नका! सोलापूरकडचं पाणी मुळातच जड. काळ्या पाषाणातल्या विहिरीत क्षार निसर्गतःच असतात, नायट्रेट खताचंही असू शकतं. त्यामुळे उताराच्या वरच्या अंगाची एक विहीर, नाल्याच्या मिळणीआधी एक, नंतर दोन, आणि नाल्यातलं पाणी स्वतः. डाईंगच्या पाण्यात रंग पक्का बसावा म्हणून टाकलेलं मीठ असतं, तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, सल्फेट, सोडियम बघा. टीडीएस साध्या मैला शुद्धीकरणात निघतच नाही, म्हणून 'आमचा प्लांट चालू आहे' या उत्तराला हाच आकडा समोर ठेवायचा. आसवनीच्या (मद्यार्क कारखान्याच्या) स्पेंटवॉशला, म्हणजे उरलेल्या सांडपाण्याला, तपकिरी रंग, सीओडी प्रचंड आणि पोटॅशियम जास्त; पोटॅशियम तपासायला बहुतेक जण विसरतात. एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा मोजते, त्यांच्या आकड्यांशी लावता येतं. फक्त पावसाळ्यातला नमुना म्हणजे पातळ केलेला नमुना.

फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेला जोडू नका, त्याची मूळ माहिती गळून जाते. मूळ फाईल फोनमध्येच ठेवा, हॅश (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं, भाग ब तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र छापून लावणारे अजून भेटतात.

पाझरतलाव

हे सगळं प्रदूषणाचं झालं. पिढीजात वापराचा हक्क दाखवायचा, आणि जमीन वनखात्याची नसेल तर? सातबाऱ्यावर काहीच नाही असं धरून चला.

मोडीवाचक

सातबारा ही तिथली शेवटची जागा, पहिली नव्हे. तलाठ्याकडे गाव नमुना चौदा मागा, ती पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही आहे. मग जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १६५, वाजिब-उल-अर्ज: सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा रिवाज जिल्हाधिकाऱ्याने गावनिहाय नोंदवायचा आहे. मर्यादा लक्षात घ्या, हे सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमीन-पाण्याला लागत नाही, आणि कलम २० ने नद्या, नाले, तळी बहुतेक सरकारचीच. म्हणजे खासगी किंवा जुन्या इनामी तळ्याला ते उपयोगी, भीमेच्या पात्राला नाही. सरकारी पडीक जमिनीसाठी कलम १६१ चं निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराची नोंद. ती मूळची विदर्भाकडची रीत, इकडे सापडेलच असं नाही. तरी अर्ज करा. 'अभिलेख उपलब्ध नाही' हे लेखी उत्तर आलं की कायद्याने करायची नोंद केलीच नाही एवढं तरी कागदावर येतं.

जुन्या कागदांसाठी तालुका कोणाचा होता ते बघा. अक्कलकोट वेगळं संस्थान होतं. मंगळवेढा सांगली संस्थानात होता, त्यामुळे त्याचा शोध सोलापूरच्या रेकॉर्ड रूमपुरता ठेवून भागत नाही. बाकीचा बराच भाग मुंबई इलाख्यातला, त्यासाठी १८८४ चं सोलापूर गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, त्यात आहे. त्याआधीचं बहुतेक मोडीत. मोडी शिकणं हौशीचं नाही, या कामात ते हत्यार आहे. वकिलाला ते येत नाही, म्हणून तो तुम्हाला शोधत येतो.

जबाब घेताना 'आम्ही पूर्वीपासून वापरतो' असं वाक्य लिहून घेऊ नका. कोणत्या महिन्यात, किती मेंढरं, कुठल्या पाणवठ्यावर, किती दिवस, दुसऱ्या गावाशी पाळी कशी ठरते, आटलं की कुठे जातात. मोजता येणारी गोष्ट उलटतपासणीत टिकते.

एक मतभेद, हिप्परगा_पाळ यांच्याशी. १०७ क्रमांकाचा करार मी मसुद्यात पुढे आणणार नाही. त्याच्या कलम ११ मध्ये परंपरेने ताब्यातल्या जमिनीची मालकी आहे, पण त्या कराराचा सूरच आदिवासींना मुख्य प्रवाहात विरघळवण्याचा, आणि समोरचा तेच वाचून दाखवेल. २००७ च्या जाहीरनाम्याचं कलम २५ थेट पाण्याचं नाव घेतं. बंधनकारक नसलं तरी तेच बरं.

हिप्परगा_पाळ

मान्य. १०७ तळटीपेत.

कोर्टफी_तिकीट

कारकिर्दीचं कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. संशोधनाला वकिलीची सनद लागत नाही, पण काढून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५, त्याहून जास्त कोणी मागू शकत नाही. पुढे एआयबीई, म्हणजे अखिल भारतीय बार परीक्षा. एलएल.एम. करणार असाल तर विषय पर्यावरण कायदा असला तरी प्रबंध एखाद्या खऱ्या नाल्यावर किंवा पाणवठ्यावर करा, तीच फाईल पुढे कामाला येते. कायद्याबाहेरचं शिकायचं तर टाटा समाजविज्ञान संस्थेत जलधोरण आणि प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला मसुद्यामागे मिळतात आणि अनियमित मिळतात. एखाद्या वकिलाच्या कचेरीत बाकीची कामं करत हे चालवावं लागतं.

निकाल शोधायला महागडी वर्गणी लगेच नको. इंडियन कानून, ई-एससीआर (सुप्रीम कोर्टाचे निकाल) आणि एनजीटीची स्वतःची साइट पुरते. फक्त एनजीटीचा आदेश सापडला की पुढे सुप्रीम कोर्टात त्याचं काय झालं ते बघितल्याशिवाय उद्धृत करू नका. एनजीटी कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत तिथे अपील होतं, आणि बरेच मोठे भरपाईचे आदेश तिथे जाऊन थांबलेले असतात.

अर्जदार अनुसूचित जमातीचा असेल, किंवा महिला असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, जातीचा दाखला सोबत. पारध्यांच्या वस्तीवर बऱ्याचदा दाखलाच नसतो, मग आधी तो काढायला जातात सहा महिने, आणि एनजीटीच्या कलम १४ ची मुदत तिकडेच संपते. दाखल्याचं काम पहिल्या दिवशी सुरू करा, नमुन्याच्याही आधी.